मुक्तची डिग्री ‘चालत नाही’? चालते!

बारावीचा निकाल लागला की नाशिकच्या कॉलेज रोडवर एक सल्ला हमखास ऐकू येतो: “मुक्त विद्यापीठात नाव घालू नकोस, ती डिग्री एमपीएससीला चालत नाही.” हे धादांत चुकीचं आहे.

गंगापूर धरणाजवळचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालं. अशा कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाची पदवी स्पर्धा परीक्षांना चालते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2020 च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. मग ही अफवा आली कुठून? बहुधा ‘बाहेरून डिग्री’ या शब्दाला चिकटलेल्या तुच्छतेतून. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी करून शिकणाऱ्या मुलांना तो टोमणा फुकटचा बसतो.

मात्र ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द हलक्यात घेऊ नका. मान्यता सरसकट विद्यापीठाला नसते, अभ्यासक्रमागणिक आणि वर्षागणिक असते. प्रथम वर्षाला प्रवेश घेण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर आपला अभ्यासक्रम त्या वर्षाच्या यादीत आहे का, ते पाहा. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, वकिली दूरशिक्षणाने करता येत नाही. कोणी ‘घरबसल्या बी.फार्म’ विकत असेल तर तिथून सरळ उठा. शिवाय 2024 पासून प्रवेशासाठी डेब आयडी, म्हणजे याच दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी-ओळख क्रमांक, लागतो. तो विद्यार्थ्याने स्वतःच काढायचा असतो, एजंटाच्या मोबाइलवरून नव्हे.