गार्डमधून ठोशांचा बचाव : नियमांनी घडवलेल्या एका कौशल्याची पार्श्वभूमी

शुक्रवार पेठेतली चिंचेची तालीम असो वा कात्रजचे कुस्ती संकुल, पुण्यात कुस्तीला उतरलेल्या पोराला सगळ्यात आधी कळते ते हे की पाठ टेकली की कुस्ती संपली. चितपट हा निकाल आहे, आणि निकालानंतर पंच शिट्टी वाजवतो. त्यापुढे वरचा मल्ल खालच्याचे काय करू शकतो, हा प्रश्न आपल्या आखाड्यात कधी विचारलाच गेला नाही. त्यामुळे ब्राझिलियन जिउ-जित्सू या मुख्यतः जमिनीवर लढण्याच्या कलेच्या वर्गात जेव्हा सुरुवातीलाच पाठीवर पडून, दोन्ही पाय प्रतिस्पर्ध्याच्या कमरेभोवती आवळून लढायला सांगितले जाते, तेव्हा तालमीतून आलेल्या मुलाला ती चक्क हार पत्करण्याची तालीम वाटते. या स्थितीला ‘गार्ड’ म्हणतात. वरचा माणूस ठोसे मारत असताना खालच्याने त्यातून कसे निभावायचे, हे तिथले अगदी जुने कौशल्य. मात्र ते एका जागी, एका गुरूने बसून रचलेले नाही. ज्या ज्या काळी लढतीचे जे नियम होते, त्यांच्या दाबाखाली ते आकारले आहे, आणि नियम बदलला की त्यातला एखादा भाग निकामी होत आला आहे.

आधी त्यामागचे यंत्र समजून घेतले पाहिजे. गार्डमध्ये अडकलेल्या माणसाला जोरदार ठोसा मारायचा असेल, तर त्याचा कणा ताठ हवा, खांदा मागे खेचायला जागा हवी आणि गुडघे जमिनीत रुतलेले हवेत. म्हणून खालच्याचे पहिले काम ठोसा अडवणे हे नसून वरच्याचा कणा मोडणे हे असते : पायांनी त्याला स्वतःकडे ओढायचे, एक हात मानेमागे टाकायचा, दुसऱ्याने त्याचा दंड काखेत गुंडाळून घ्यायचा आणि त्याचे डोके आपल्या छातीला चिकटवून ठेवायचे. एवढ्या जवळून कोणालाही बरगडीवरच्या थापटीपलीकडे फारसे काही जमत नाही. वरचा माणूस हात सोडवून मागे सरकू लागला, तर त्याच्या मागोमाग गुडघा आत घालून नडगीची आडकाठी करायची. तो आणखी सरळ झाला, तर तळपाय त्याच्या कमरेवर टेकवून त्याला ठोशाच्या टप्प्याबाहेर ढकलायचे. आणि तो उभाच राहिला, तर टाचांनी लाथा मारत, एक हात जमिनीवर टेकवून स्वतः उठायचे. सारांश, एकतर पूर्ण जवळ, नाहीतर पूर्ण लांब. मधल्या हातभर अंतरावर थांबणारा मार खातो. यातच हल्ल्याचीही संधी दडलेली असते, कारण ठोसा मारायला उचललेला हात म्हणजे आधार सोडलेला हात. एक हात पायांच्या आत आणि एक बाहेर राहिला की त्रिकोणी गळफास, म्हणजे ‘ट्रँगल’, लावता येतो, आणि कणा ताठ होताच नितंब उचलून त्याला उलथवता येते.

या साऱ्याचे मूळ जपानी ज्यूदोत आहे, परंतु ठोशांचे नाही. जिगोरो कानो यांनी 1882 साली कोदोकानची स्थापना केली, तेव्हा आघाताचे प्रकार त्यांनी ठरावीक साच्याच्या सरावापुरते ठेवले आणि मोकळ्या लढतीतून वगळले. 1914 पासून क्योतो इम्पीरियल विद्यापीठात भरू लागलेल्या उच्च माध्यमिक शाळांच्या स्पर्धांमधून ‘कोसेन ज्यूदो’ नावाची शैली बहरली. तिथे जमिनीवरच्या लढतीला जवळजवळ मुक्त वाव होता आणि पाठीवर पडून लढण्याचे डावही याच वातावरणात फार बारकाईने विकसित झाले. मात्र वरचा विद्यार्थी खालच्याच्या तोंडावर मूठ हाणणार नाही हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे, मधल्या अंतरावर निवांत पडून पकडी शोधण्यात तिथे काहीच धोका नव्हता.

तो धोका ब्राझीलने जोडला. कानोंच्या परंपरेतला मित्सुयो माएदा 1904 मध्ये जपान सोडून अमेरिकेत गेला, अनेक देशांत बक्षिसांच्या कुस्त्या आणि आव्हानाच्या लढती लढत 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि पुढे बेलेम शहरात स्थिरावला. त्याच्याकडे शिकलेल्या कार्लोस ग्रेसीने 1925 मध्ये रिओ द जानेरोत अकादमी काढली. त्याच्या धाकट्या, अंगाने किरकोळ असलेल्या भावाने, एलिओने, हे तंत्र आपल्या प्रकृतीला साजेसे वळवले, असे ग्रेसी घराणे सांगते. त्यात घराण्याच्या अभिमानाचा वाटा किती आणि वस्तुस्थितीचा किती, याबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहेत. परंतु एक गोष्ट वादातीत आहे : ‘वाले तुदो’, म्हणजे जवळजवळ सारे काही चालेल अशा लढतींमध्ये या मंडळींना त्यांच्याहून जड माणसांशी भिडावे लागे, आणि जड माणूस बहुधा वरच येत असे. तेव्हा खाली पडल्यावर हाडे शाबूत ठेवणे ही गार्डची पहिली कसोटी ठरली.

त्या लढतींना बऱ्याचदा वेळेची मर्यादा नसे आणि हातमोजेही नसत. उघड्या मुठीने कवटीवर सतत मारत राहिले तर मारणाऱ्याचीच बोटे मोडतात, त्यामुळे ठोशांची संख्या आपोआप कमी राहत असे, आणि घड्याळ नसल्यामुळे खालच्याला वाट पाहणे परवडत असे. एलिओची सारी पद्धत या दोन गोष्टींवर उभी होती. तिची मर्यादाही त्याच्याच लढतीत दिसली. मे 1955 मध्ये त्याचाच जुना शिष्य वाल्देमार सांताना याच्याशी त्याची लढत साडेतीन तासांहून अधिक चालली आणि शेवटी दमून गेलेल्या, वयाची चाळिशी ओलांडलेल्या एलिओला डोक्यावर बसलेल्या लाथेने हार पत्करावी लागली. नंतर पुतण्या कार्लसनने सांतानाला हरवून घराण्याची बाजू सावरली. पण कार्लसन स्वतः बलदंड आणि वर राहून आक्रमण करणारा होता, आणि पुढे त्याच्या शिष्यांचीही शैली तशीच राहिली. पाठीवर पडून वाट पाहायची की वर येऊन चढाई करायची, हा मतभेद म्हणजे जिउ-जित्सूच्या घरातलाच आहे, बाहेरून आलेला नाही.

इथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. कुस्ती आणि आघात यांची सांगड आपल्याकडेही होती. म्हैसूरच्या जेट्टी या परंपरागत मल्लांची वज्रमुष्टी दसऱ्याला आजही होते आणि त्यात मल्लाच्या मुठीत आघाताचे शस्त्र असते. परंतु पहिले रक्त दिसताच ती लढत थांबते. साहजिकच, खाली पडून दहा मिनिटे मार चुकवत राहण्याची विद्या तिथे घडण्याचे कारणच नव्हते. कौशल्य गरजेपोटी येते आणि गरज नियम ठरवतात.

जगाने गार्ड पाहिला तो 12 नोव्हेंबर 1993 रोजी, अमेरिकेत डेन्व्हर येथे भरलेल्या पहिल्या यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांच्या खेळाडूंना एकमेकांशी भिडवणाऱ्या, स्पर्धेपासून. एलिओचा मुलगा रॉयस याने ती जिंकली, परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची लढत पुढच्या वर्षीच्या डिसेंबरातली आहे. सुमारे 80 किलोंचा रॉयस आणि 110 किलोंहून जड असलेला नामांकित कुस्तीगीर डॅन सेव्हर्न यांची ही गाठ होती. सेव्हर्न जवळजवळ पंधरा मिनिटे रॉयसच्या गार्डमध्ये वर बसून होता, पण त्याला काय करावे हे सुचत नव्हते. कुस्तीच्या हिशेबाने तो केव्हाच जिंकलेला होता. सोळाव्या मिनिटाला रॉयसने पायांचा त्रिकोण आवळला आणि सेव्हर्नने हार मानली. ही लढत इतकी लांबली की थेट प्रक्षेपणाची वेळ संपून अनेक प्रेक्षकांना निकाल दिसलाच नाही. पुढच्याच स्पर्धेत, एप्रिल 1995 मध्ये, वेळेची मर्यादा आली. त्या रात्री रॉयस आणि केन शॅमरॉक 36 मिनिटे झुंजले. शॅमरॉक बराच वेळ गार्डमध्ये सावधपणे दडून राहिला, रॉयस खालून टाचांनी त्याच्या पाठीवर, मूत्रपिंडांच्या जागी मारत राहिला, आणि लढत बरोबरीत सुटली. वाट पाहण्याच्या पद्धतीतला एक मोठा आधार त्या दिवशी निखळला, असे मला वाटते.

दुसरा धक्का अमेरिकी कुस्तीगिरांनी दिला. मार्क कोलमनने 1996 मध्ये दाखवून दिले की गार्डमधून बाहेर पडण्याची गरजच नाही. खालच्याला घट्ट दाबून, त्याच्या मिठीत राहूनच डोक्याने धडका आणि ठोसे मारता येतात. कोलमनच्या धडकांनी ‘पूर्ण जवळ’ हा सुरक्षित टप्पाच असुरक्षित करून टाकला, कारण जवळ ओढून घेतलेले डोके हेच शस्त्र झाले. जानेवारी 1997 मध्ये ब्राझीलमध्ये फाबियो गुर्जेलने त्याच घडणीच्या मार्क केरविरुद्ध तीस मिनिटे बहुतांशी पाठीवर काढली. तो शरण आला नाही, पण चेहरा रक्तबंबाळ झाला आणि निर्णय केरच्या बाजूने लागला. सहा महिन्यांनी मात्र एका किकबॉक्सरने उत्तर शोधले. फ्रँक शॅमरॉक (वर आलेला केन नव्हे) या लढवय्याबरोबर सराव केलेल्या मॉरिस स्मिथने कोलमनच्या खाली पडून त्याला शरण आणण्याचा हट्ट न धरता फक्त त्याचे हात आणि डोके बांधून ठेवले, त्याला दमवले, खालून कोपरे मारली, आणि उभे राहिल्यावर थकलेल्या कोलमनला लाथांनी झोडपून 21 मिनिटांची लढत निर्णयावर जिंकली. गार्डचा उपयोग डावासाठी नव्हे तर प्रतिस्पर्ध्याचा दम संपवण्यासाठी करता येतो, हा धडा एलिओच्या जुन्या विचाराशी जुळणारा होता, फक्त तो घराण्याबाहेरच्या माणसाने दिला.

त्याच 1997 सालात दोन नियम आले. हातमोजे सक्तीचे झाले आणि डोक्याची धडक बंद झाली. धडक गेल्यामुळे जवळची मिठी पुन्हा वापरता येऊ लागली; मोज्यांमुळे मूठ सुरक्षित झाली आणि कवटीवर मनसोक्त मारता येऊ लागले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखेच ते होते.

जपानमधल्या प्राइड स्पर्धांमध्ये दोरांचा रिंगण होता आणि डोक्यावर कोपर मारण्यास बंदी होती, त्यामुळे गार्डची कला तिथे सर्वाधिक फुलली. अंतोनियो रॉद्रिगो नोगेराने 2001 मध्ये कोलमनला खालून हात अडकवून शरण आणले, आणि ऑगस्ट 2002 मध्ये त्याच्याहून पन्नासहून अधिक किलोंनी जड असलेल्या बॉब सॅपने उचलून आदळल्यानंतरही दुसऱ्या फेरीत त्याचा हात पकडून लढत जिंकली. मग मार्च 2003 मध्ये फेदोर इमेल्यानेन्को समोर आला. फेदोर गार्ड टाळत नव्हता. तो आपणहून आत शिरे, नोगेराने पकड जमवायच्या आत कंबर मागे नेई, वरून लांब फेरीचे ठोसे मारी आणि पुन्हा चिकटे. नोगेराला ज्या क्षणी पकड हवी, त्या क्षणी फेदोर नेमका मधल्या अंतरावर असे. निर्णय फेदोरच्या बाजूने एकमताने लागला. सात वर्षांनी, जून 2010 मध्ये, याच फेदोरने खाली पडलेल्या फाब्रिसिओ व्हेर्दुमवर घाईने झेप घेतली आणि 69 सेकंदांत त्रिकोणात अडकून हार मानली. त्यामुळे 2003 चा निकाल म्हणजे गार्डचा मृत्यू, हे तेव्हाचे निदान उतावीळ होते.

अमेरिकेत यूएफसीच्या लढती जाळीच्या पिंजऱ्यात होत, आणि तिथे परिस्थिती अधिक अवघड होती. खालच्याचे डोके जाळीला टेकवले की त्याला कंबर मागे सरकवता येत नाही, आणि कंबर हलली नाही तर गुडघा आत घालणे, तळपाय कमरेवर ठेवणे हे सारे कागदावरच राहते. कोपराला मागे खेचायला जागा लागत नाही, त्यामुळे ते जवळच्या मिठीतही कापते. शिवाय अमेरिकेतल्या अशा लढतींसाठी 2001 मध्ये आलेल्या सामायिक नियमांनंतर प्रत्येक फेरीला गुण देताना वर राहून मारणाऱ्याला बहुधा झुकते माप मिळू लागले. ऑगस्ट 2010 मध्ये अँडरसन सिल्व्हाने चेल सॉननला पाचव्या फेरीत त्रिकोणात पकडले, पण तोवर सिल्व्हा सगळ्या फेऱ्यांत पिछाडीवर होता. अशा निकालांची आठवण राहते ती त्यांच्या दुर्मीळपणामुळेच. लवचीक पाय असलेल्यांसाठी एडी ब्राव्होने लोकप्रिय केलेला ‘रबर गार्ड’ हे याच अडचणीवरचे एक उत्तर होते. त्यात आपलीच नडगी हाताने धरून प्रतिस्पर्ध्याचा खांदा आणि मान खाली दाबून ठेवायची असते.

दरम्यान खेळ म्हणून जिउ-जित्सू वेगळ्या दिशेने गेले. 1996 पासून भरणाऱ्या जागतिक स्पर्धांमध्ये ठोसा नाही, त्यामुळे गीची, म्हणजे सरावाच्या जाड अंगरख्याची, बाही धरून दोन्ही पाय प्रतिस्पर्ध्याच्या दंडांवर रोवणारे किंवा त्याच्या पायाभोवती वेटोळे घालणारे गार्ड तिथे जिंकू लागले. हे गार्ड अत्यंत कल्पक आहेत; परंतु त्यातले अनेक नेमक्या त्या मधल्या अंतरावर राहतात, जिथे समोरच्याचा एक हात मोकळा असतो.

पुण्यात बाणेर-बालेवाडीपासून कोंढव्यापर्यंत उभ्या राहिलेल्या लहान-मोठ्या मॅटवर आज हे दोन्ही प्रवाह एकत्र आढळतात, आणि त्यात कुस्तीचा तिसरा संस्कार मिसळलेला असतो. तालमीतला मुलगा पट काढून समोरच्याला सहज पाडतो. पण तोच पडला, तर पाठ वाचवण्याच्या सवयीने क्षणार्धात पोटावर वळतो आणि मान आणि पाठ आयती देऊन बसतो. वस्तादाने दहा वर्षे घोटून घेतलेली ही प्रतिक्रिया घालवायला महिने लागतात. त्यासाठी एक साधा सराव असतो : वरच्याने जाड बॉक्सिंगचे मोजे घालून हलक्या हाताने सतत मारत राहायचे आणि खालच्याने एकही डाव न लावता फक्त अंतर बदलत राहायचे. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक जण दोन्ही हात लांब करून ठोसा हवेत अडवू पाहतो आणि पाय सैल सोडतो. ठोसा हाताने नव्हे, पायांनी आणि कमरेने चुकवायचा असतो, हे सांगून पटत नाही. गालावर दहा-बारा टपल्या बसल्या की पटते. ज्या वर्गात हा सराव कधीच होत नाही, तिथल्या निळ्या पट्ट्याच्या, म्हणजे पहिली पायरी ओलांडलेल्या, विद्यार्थ्यानेही स्वसंरक्षणाच्या बाबतीत स्वतःबद्दल फार खात्री बाळगू नये, असे माझे मत आहे. रस्त्यावरच्या भांडणात तर टप्पे उलट क्रमाने मोजावेत : आधी उठून निघण्याची जागा शोधावी, मिठी नंतर.

नियम अजूनही स्थिर झालेले नाहीत. वरून सरळ खाली उतरणाऱ्या कोपरावर सामायिक नियमांत वर्षानुवर्षे बंदी होती. ती नोव्हेंबर 2024 पासून उठली. ताठ कण्याने गार्डमध्ये बसलेल्या माणसाला आता कोपर तिरके फिरवण्याचीही गरज उरलेली नाही. त्यामुळे खालच्याने मानेमागची पकड टिकवण्यापेक्षा दोन्ही दंड कोपराच्या वर पकडून ठेवण्याला, आणि ते जमत नसेल तर लगेच तळपाय कमरेवर नेण्याला, पूर्वीपेक्षा अधिक वजन द्यावे लागेल.