बुडालेला दीपस्तंभ आणि वर आलेलं बेट

इंदिरा पॉइंटच्या दीपस्तंभाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरतोय. ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक, मनोऱ्याच्या पायाशी समुद्र आणि खाली ओळ : ‘बघा ग्लोबल वॉर्मिंग!’ तापमानवाढ खरीच आहे, पण या फोटोत ती नाही. जगभरातला समुद्र वर्षाला तीन-चार मिलिमीटरने चढतो. हा मनोरा २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात सुमारे सव्वाचार मीटर खाली गेला. पाणी चढलं नाही, जमीन खचली.

खरी गंमत पुढेच. त्याच भूकंपात अंदमानातलं नॉर्थ सेंटिनल बेट मीटरभर किंवा त्याहून जास्त वर आलं आणि भोवतीचं प्रवाळ उघडं पडून मेलं. तिथून पूर्वेला जेमतेम पन्नास किलोमीटरवरचं पोर्ट ब्लेअर (आताचं श्रीविजयपुरम) मात्र मीटरभर खाली बसलं. भूकंप एकच, मग एक वर आणि एक खाली कसं?

शाळेतली प्लास्टिकची फूटपट्टी घ्या. थोडी टेबलाच्या कडेबाहेर काढा, आतलं टोक दाबून धरा आणि बाहेरचं टोक खाली दाबा. मधला भाग टेबलावरून उचलला जाईल. बाहेरचं टोक सोडलंत की ते उसळतं आणि मधली कमान खाली बसते. अंदमानच्या पश्चिमेला समुद्रतळावरच्या खोल घळीपाशी भारतीय प्लेट (प्लेट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) बर्मा प्लेटखाली घुसते. दोघींचा सांधा घर्षणाने अडकतो, म्हणून खाली जाणारी प्लेट वरच्या प्लेटची कड सोबत ओढत नेते आणि मागचा भाग शेकडो वर्षं हळूहळू फुगत राहतो. २००४ मध्ये हा सांधा सुमारे १३०० किलोमीटर लांबीवर सुटला. कड उसळली, फुगवटा बसला. दोहोंच्या मधे बिजागरीसारखी एक रेषा असते, जिथे उंची फारशी बदलत नाही. सेंटिनल तिच्या कडेच्या बाजूला, पोर्ट ब्लेअर आणि इंदिरा पॉइंट मागच्या बाजूला. कड उसळताना वरचं पाणीही उचललं गेलं, तीच त्सुनामी.

त्या दिवशी दत्तजयंतीची पौर्णिमा होती, म्हणून ‘पौर्णिमेला भूकंप होतो’ हेही अधूनमधून ऐकू येतं. पौर्णिमा दर महिन्याला येते, असा भूकंप नाही.

बाकीचे धोके थोडक्यात. बॅरन बेटावरचा ज्वालामुखी दीडशेहून अधिक वर्षं झोपून १९९१ मध्ये जागा झाला, पण तिथे वस्ती नाही. वादळं येतात. मोठे भूकंप १८८१ आणि १९४१ मध्येही झाले होते. हैदराबादच्या इशारा केंद्रातून २००७ पासून त्सुनामीचा इशारा मिळतो. २००४ ची लाट चेन्नईला पोचायला दोनेक तास लागले होते, तेवढा वेळ असेल तर इशारा कामाचा. निकोबारला लाट मिनिटांत पोचते. तिथे पायाखालची जमीन जोरात हलली, की तोच इशारा समजून उंचावर पळायचं.

पोर्ट ब्लेअरजवळच्या सिप्पीघाटला भाताची खाचरं होती. जमीन बसल्यावर त्यात भरतीचं पाणी शिरलं आणि तिथे पाणथळ तयार झाली. आता लोक तिथे दुर्बिणी घेऊन बदकं बघायला जातात.