वंगण पोटात साठवणारे जेल : पार्श्वभूमी

मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी सोलापूरची कामगार बाई गुडघा दाखवायला गेली, की ‘वंगण कमी झाले आहे’ हे वाक्य तिच्या कानी हमखास पडते. वाक्य सोपे असले तरी अर्धेच खरे आहे. झिजेच्या संधिवातात सांध्यातला द्रव आटत नाही. त्याला दाटपणा देणाऱ्या हायलुरॉनिक आम्लाच्या लांब साखळ्या तुटून तो पातळ पडतो आणि कूर्चाही, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरणही, झिजू लागते.

हे आम्ल कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गुरांच्या डोळ्यातील द्रवातून वेगळे काढले. ते सांध्यात बाहेरून भरावे, हा विचार पुढे एंड्रे बालाझ यांनी लावून धरला आणि १९९७ मध्ये अमेरिकेत अशा इंजेक्शनांना मान्यता मिळाली. मात्र टोचलेले आम्ल सांध्यात फार दिवस टिकत नाही, आणि २०१३ मध्ये तिथल्याच अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीने या उपचाराची शिफारस करण्याचे नाकारले.

यंत्रमागाशी आयुष्य काढलेल्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. बुधलीने घातलेले तेल ओघळून जाते, आणि हात सैल सोडला तर टॉवेलवर डाग पडून माल बाद होतो. यंत्रशास्त्राने यावर काढलेला एक तोडगा म्हणजे सच्छिद्र ब्राँझचे बुश, म्हणजे फिरता दांडा ज्यात बसतो ती नळी. त्याच्या छिद्रांत तेल आधीच मुरवलेले असते. दांडा फिरून बुश तापले की ते पृष्ठभागावर येते आणि निवल्यावर पुन्हा आत शोषले जाते.

शरीरात चालेल असे ‘बुश’ होण्याजोगा पदार्थ ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लीम यांनी १९६० मध्ये जगापुढे मांडला होता : पाणी धरून ठेवणारे मऊ हायड्रोजेल. पुढच्याच वर्षी नाताळात विख्टर्ले यांनी प्रागमधील आपल्या घरी, मुलांच्या जोडखेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून, त्याच्या कॉन्टॅक्ट लेन्स ओतल्या. पण या जेलचा गुळगुळीतपणा पाण्याच्या थरावर अवलंबून असतो, आणि भार वाढून तो थर पिळून निघाला की घर्षणही वाढते.

याची उकल कूर्चेतूनच मिळाली. कूर्चेच्या पृष्ठभागावरील फॉस्फोलिपिडांची (लिपिड म्हणजे स्निग्ध पदार्थ) टोके पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतात आणि दाबाखालीही ते रेणू सरकते राहतात. इस्रायलच्या वाइझमान संस्थेतील जेकब क्लाइन यांच्या गटाने २०२० मध्ये हायड्रोजेल तयार करतानाच त्यात अत्यल्प लिपिडांचे सूक्ष्म साठे मिसळले. पृष्ठभाग झिजला की खालचा साठा उघडा पडून रेणूइतका पातळ थर नव्याने बसतो. लिपिड नसलेल्या जेलच्या तुलनेत घर्षण आणि झीज ८० ते ९९.३ टक्के घटली, आणि जेल वाळवून पुन्हा भिजवल्यावरही हा गुण टिकला.

तरी गुडघ्याआधी लेन्स आणि लघवीची नळी यांचा क्रमांक लागावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. त्या बाहेर काढून बदलता येतात. सांध्यात झिजून सुटलेल्या जेलच्या कणांना मात्र बाहेर पडण्याची सोपी वाट नसते.