एक तोळ्याची गोळी, तीन किलोंची रायफल

सोनाराच्या तराजूतला तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. इंग्रजांनी १८३३ मध्ये तो १८० ग्रेनचा ठरवून टाकला. बंदुकीच्या गोळीचं वजन आजही ग्रेनमध्येच सांगतात, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या काडतुसात सर्रास वापरली जाणारी गोळी १८० ग्रेनचीच असते. बरोबर एक तोळा! कोलोराडोत ऑफिसातल्या मित्राला हे सांगितलं तेव्हा तो हसला, पण जपून. उजव्या भुवईवर पट्टी होती. आदल्या दिवशी रेंजवर तिसऱ्या बाराला रायफल मागं आली आणि दुर्बिणीच्या कडेनं अर्धचंद्र कोरून गेली.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकारीचा विषय मिटवला. कोलोराडोत मात्र ती परवान्यानं, हंगाम आणि संख्या ठरवून चालते. तिथलं मोठं जनावर म्हणजे एल्क. हे सांबराच्या नात्यातलं हरीण, पण नर तीनशे किलोंच्या पुढचा. ते राहतं तीन हजार मीटरच्या आसपास, आणि रस्ता संपल्यावर पुढचं सगळं पायी. नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढलेल्याला सॅकमधल्या प्रत्येक ग्रॅमचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. मित्रानं म्हणूनच चार किलोंची जुनी रायफल देऊन दुर्बिणीसकट तीन किलोंची नवी घेतली. काडतूस मात्र जुनंच ठेवलं. घोळ झाला तो इथे.

गोळी पुढं जाते, रायफल मागं येते, आणि दोघींचा संवेग सारखाच असतो. हे शाळेतलंच. शाळेत एक गोष्ट सांगायची राहते: नळीतून गोळीबरोबर जळालेल्या दारूचा वायूही बाहेर पडतो, आणि तो गोळीपेक्षा बराच वेगानं. .३०० मॅग्नममध्ये दारू सुमारे पावणेपाच ग्रॅम. एका तोळ्याची गोळी सेकंदाला ९०० मीटर वेगानं निघते. सगळं मांडलं की तीन किलोंची रायफल खांद्याकडे सेकंदाला साधारण साडेपाच मीटर वेगानं येते. म्हणजे तीच रायफल दीड मीटरहून जास्त उंचीवरून दस्त्याच्या बाजूनं खांद्यावर टाकावी, तसं. चार किलोंच्या जुन्या रायफलीला हीच उंची ९० सेंटीमीटर होती. एक किलो वाचवला पायांनी, भरपाई केली भुवईनं.

आता त्याच तीन किलोंत ७ एमएम-०८ रेमिंग्टन हे छोटं काडतूस घाला. गोळी १४० ग्रेनची, वेग सेकंदाला ८५० मीटरच्या आसपास, दारू तीन ग्रॅमच्या आत. उंची ७० सेंटीमीटरवर येते. गंमत तुलनेत आहे. मॅग्नमच्या गोळीत ऊर्जा दीडपटसुद्धा नाही, पण खांद्यावर येणारी ऊर्जा सव्वादोन पट. गोळीची थोडी जास्त ऊर्जा विकत घ्यायला गेलं की खांद्याचं बिल चढ्या दरानं येतं, आणि रायफल जितकी हलकी तितका दर चढा.

‘पण एवढं मोठं जनावर पाडायला ताकद नको का?’ मित्राचा हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो, कारण सिनेमात गोळी लागलेला माणूस उडून पडतो. गणित करून बघा. तीनशे मीटरवर १४० ग्रेनच्या गोळीचा वेग उरतो सेकंदाला ६६० मीटरच्या आसपास. ३२० किलोंच्या एल्कला तो संवेग दिला तर त्याचा वेग होईल सेकंदाला दोन सेंटीमीटर. गोगलगायीपेक्षा बरा, इतकंच. जनावर धक्क्यानं पडत नाही. गोळी छातीत फुलते, फुप्फुसं आणि हृदय फाडत जाते, रक्तदाब कोसळतो आणि मेंदूला रक्त पोचेनासं होतं. म्हणजे मुद्दा गोळी कुठे लागली आणि आत गेल्यावर फुलली का, हा. कोलोराडोचा नियमही हीच वाट धरतो. एल्कसाठी गोळी फुलणारी हवी, किमान ८५ ग्रेनची हवी, आणि १०० यार्डांवर ऊर्जा १००० फूट-पाउंड हवी. ७ एमएम-०८ ची ऊर्जा तिथे दुपटीच्या आसपास भरते. (त्याच नियमात अंगावर भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी कपडा सक्तीचा आहे. मित्र गुलाबी घालतो, आणि त्यावर बोललेलं त्याला खपत नाही.)

डोंगर स्वतःचीही गणितं घालतो. तीन हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन-चतुर्थांश दाट, त्यामुळे गोळीचा वेग कमी मरतो. छोट्या काडतुसाला ही फुकटची मदत. तिरप्या जमिनीचं मात्र उलटं. तीस अंशांच्या चढावर जनावर तीनशे मीटर दूर दिसतं, पण गोळी किती खाली येणार ते ठरतं आडव्या अंतरावरून, आणि ते २६० मीटरच असतं. तीनशेचा नेम धरला की गोळी वरून जाते. उतारावरही तेच होतं, हे ऐकून नवखे हमखास वाद घालतात.

गोळी शिशाची घ्यावी की तांब्याची, हा आणखी एक पेच. शिशाच्या गोळीचे बारीक तुकडे मागं राहिलेल्या आतड्यांत उरतात आणि ते खाऊन कॅलिफोर्निया कॉन्डोर मरतात. आपली गिधाडं गुरांच्या डायक्लोफेनॅक या औषधानं गेली, तिकडची शिशानं. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. पण तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी स्थिर ठेवायला तिला जास्त वेगानं फिरवावं लागतं. ते काम नळीच्या आत कोरलेल्या पिळदार खाचांचं, म्हणजे पिळाचं. ७ एमएम-०८ ची गोळी आधीच सेकंदाला साडेतीन हजारांच्या वर फेऱ्या घेत असते. तेव्हा तांब्याची गोळी घेताना आधी नळीचा पीळ बघावा, किंवा सरळ थोडी हलकी गोळी घ्यावी.

हे काडतूस बाजारात आलं १९८० मध्ये, पण त्याची जातकुळी जुनी. १८९२ च्या ७×५७ माउझरचं ते जवळपास जुळं भावंड. त्याच माउझरला इंग्लंडात .२७५ रिग्बी म्हणत. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना सरकारकडून जी रायफल भेट मिळाली, ती याच काडतुसाची. कुमाऊँच्या डोंगरांत पायी हिंडणाऱ्या माणसाला ते पुरत होतं.

भुवई बरी झाल्यावर मित्र पुन्हा रेंजवर गेला, सोबत मीही. आधी जुनं काडतूस. पेटीत त्याच्या नकळत मी एक खोटं काडतूस सरकवलं होतं, दारूच नसलेलं. चाप ओढला, नुसती टिक झाली, आणि नळीचं टोक चांगलं चार बोटं खाली गेलं. धक्का आलाच नव्हता, शरीरानं तो आधीच धरून ठेवला होता. असा हात असेल तर तीनशे मीटरवरच्या जनावराच्या छातीची गोष्टच नको. त्यानं काही न बोलता रायफल उतरवून ठेवली.

तीन आठवड्यांनी तो दुकानातून आणलेली ७ एमएम-०८ घेऊन आला, वजन तेच. वीस-पंचवीस बार झाले. मी पुन्हा एक खोटं काडतूस सरकवलं. टिक. नळी होती तिथेच राहिली. त्यानं डोळा दुर्बिणीवरून न हलवता विचारलं, ‘तूच ना?’