वरणाचं पाणी म्हणजे वरण नव्हे

बाळाला सहा महिने झाले की घरातली मोठी माणसं सांगतात, 'वरणावरचं पाणी पाज, भाज्या उकळून त्यांचं पाणी दे. सगळं सत्त्व त्यातच उतरतं.' नाही उतरत. कुकरमधल्या वरणावर निवळ येते ती बहुतांशी पाणीच. प्रथिनं आणि लोह खाली बसलेल्या गाळात राहतात, आणि तो गाळ आपण मोठे भाताबरोबर खातो! भाजीचंही तसंच. थोडं क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं, पण गाजराचा केशरी रंग ज्या बीटा कॅरोटीनचा (शरीर त्यातून अ जीवनसत्त्व बनवतं), ते पाण्यात विरघळत नाही, गरातच राहतं.

बाळाचं पोट वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिली. सात किलोच्या बाळाचं २०० मिलीच्या आसपास. ते पाण्याने भरलं तर आईचं दूधही कमी जातं, आणि १०० मिली दुधात तर ६५ ते ७० कॅलरी असतात.

मग करायचं काय? तेच वरण घोटून, मऊ भातात कालवून, वर चमचाभर तूप. लाल भोपळा किंवा गाजर वाफवून पुरणाच्या चाळणीतून काढा (मिक्सरपेक्षा मला ही बरी वाटते, धुवायला सोपी). चमचा तिरका केला तर घास लगेच ओघळता कामा नये, इतकं दाट हवं. वर्षाच्या आत मीठ-साखर नको, आणि मध तर मुळीच नको, त्यातून बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो.

आजी बाळाला ते पाणी देणारच असेल, तर तिला त्यातच भोपळा कुस्करायला सांगा.