पार्श्वभूमी : पळता पळता गेला

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की हिंगणघाट-समुद्रपूरकडचे रस्ते पहाटे साडेचारलाच जागे होतात. मोबाइलची बॅटरी लावून पोट्टे पळतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. छाती न फुगवता 79 सेंटीमीटर, फुगवून आणखी 5, हे आकडे सगळ्यांना तोंडपाठ. त्या छातीच्या आत काय चाललंय, हे पाहणारं मेडिकल मात्र ग्राउंड निघाल्यावर, निवड झाल्यावर.

एखादा पळताना कोसळला की दुपारपर्यंत गावाचा निकाल लागलेला असतो : ‘अटॅक आला.’

हा शब्द आपण फार ढिला वापरतो. विहिरीवरची मोटर आठवा. पाइपात गाळ अडकून पाणी बंद होणं वेगळं आणि एक फेज गेल्यामुळे मोटर जागच्या जागी नुसती गुणगुणत राहणं वेगळं. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, तो अटॅक. तिशीनंतर आपल्याकडे तोही लवकर गाठतो. पण विशी-पंचविशीतला पोरगा एकाएकी जातो तेव्हा बऱ्याचदा फेज गेलेली असते. हृदय थरथरतं, रक्त पुढे जात नाही. त्यामागे पुष्कळदा घराण्यातून आलेला दोष असतो.

हे कळलं ते मेलेल्यांकडून. 1958 साली लंडनमधले न्यायवैद्यक तज्ज्ञ डोनाल्ड टीअर यांनी अचानक गेलेल्या तरुणांची हृदयं उघडली, तेव्हा मधला स्नायूचा पडदा भलताच जाड दिसला. हा आजार साधारण 500 माणसांत एकाला असतो आणि पुष्कळांना तो जन्मभर कळतही नाही. त्याच्या आदल्या वर्षी नॉर्वेत येर्वेल आणि लांगे-निल्सन यांनी एका कुटुंबाची हकीकत छापली होती. सहा मुलांपैकी चार जन्मतः बहिरी, वरचेवर बेशुद्ध पडणारी. त्यातली तिघं अचानक दगावली. ईसीजीत क्यूटी नावाचं अंतर, म्हणजे ठोक्यानंतर हृदयाची वीज पुन्हा जागेवर यायला लागणारा वेळ, लांबलेलं होतं. पुढे या दुखण्यावर बीटा-ब्लॉकर गटातल्या साध्या गोळ्या लागू पडल्या.

अशीच पोर आपल्याकडे पडली तर? कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवतो आणि मिरगी ठरवून सगळे मोकळे होतात. पट्टीचा पोहणारा तळ्यात बुडाला तर त्या तळ्यावरच ठपका येतो. चिरफाड नको म्हणून घरचे पंचनामाही टाळतात. त्यांना दोष कसा द्यायचा? पण तिकडे जिथून इतिहास सुरू झाला, नेमकं तिथंच आपल्याकडे पान कोरं राहतं.

इटलीने 1982 साली स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. व्हेनेतो प्रांतात 1979 ते 2004 या काळात खेळाडूंचे असे मृत्यू 89 टक्क्यांनी घटले. इस्रायलने 1997 मध्ये तसाच नियम आणला, तिथं फरक दिसला नाही. भांडण अजून मिटलेलं नाही. अमेरिकेतली हृदयरोग संघटना सरसकट ईसीजीऐवजी 14 मुद्द्यांवर भर देते : पळताना चक्कर आली का, छातीत दुखतं का, घरात पन्नाशीच्या आत कोणी हृदयाने गेलं का. माझं मत विचाराल तर आपल्याकडे सुरुवात या प्रश्नांनीच व्हावी, आणि ज्याचं उत्तर ‘हो’ येईल त्याचा ईसीजी काढावा.

घराण्याचा मुद्दा आपल्यासाठी जास्तच मोलाचा. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशीविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या 2009 च्या संशोधनात, हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकातली 25 अक्षरं गळालेली माणसं दक्षिण आशियात सुमारे 4 टक्के निघाली. त्या सगळ्यांनाच आजार होतो असं नाही. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने 2023 मध्ये 18 ते 45 वयोगटातल्या अचानक मृत्यूंची पाहणी छापली. पारावर कोविडच्या लशीच्या नावाने बोटं मोडली जात होती, पण लशीने धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. घरातला आधीचा असा मृत्यू, कोविडमुळे दवाखान्यात भरती, आदल्या दोन दिवसांतली बेसुमार दारू किंवा अतिश्रम, यांनी तो वाढलेला होता.

विदर्भात सिकलसेलचा, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, धागाही सोडता येत नाही. अमेरिकी सैन्यातल्या नव्या जवानांवरचा 1987 चा अभ्यास सांगतो की कष्टाच्या सरावात अचानक मरण्याचा धोका वाहकांना, म्हणजे आपल्या भाषेत एएस पॅटर्नवाल्यांना, कितीतरी पट जास्त होता. 2016 च्या अभ्यासात मात्र मृत्यू जास्त आढळले नाहीत. श्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका तेवढा उरला होता. तोवर पाणी, विश्रांती आणि हळूहळू सराव वाढवण्याचे नियम तिथं सगळ्यांनाच लागू झाले होते. आपला पोट्टा जाहिरात निघाल्यावर पंधरा दिवसांत सगळं उरकायला बघतो, तेही वैशाखात.

कोसळलेल्याला वाचवण्याची विद्याही फार जुनी नाही. बाहेरून छाती दाबून रक्त फिरतं ठेवता येतं, हे 1960 साली बाल्टिमोरमध्ये सिद्ध झालं. विजेचा झटका देणारं यंत्र 1965 मध्ये बेलफास्टला रुग्णवाहिकेत चढलं. महाराष्ट्रात 108 आली 2014 ला. छाती दाबणारं कोणी नसेल तर झटका मिळेपर्यंतच्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. तालुक्याहून गाडी निघून पांदणीच्या तोंडाशी येईस्तोवर किती मिनिटं जातात, ते गावाला ठाऊक आहे. तोवर हात लावायचे ते सोबत पळणाऱ्यांनीच : छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान 5 सेंटीमीटर खोल. भरतीसाठी छाती फुगवायची असते तेवढंच.