नागपुरात रूम घेताना भाडेकरार कसा करावा?

जून-जुलैत मेडिकल चौक, नंदनवन, बजाजनगर भागांत गोंदिया-गडचिरोलीहून आलेली मुलं-मुली आईवडिलांसोबत रूम शोधताना दिसतात. रूम पसंत पडली की डिपॉझिट देतात आणि नोटरी केलेला स्टॅम्प पेपर घेऊन मोकळे होतात. कृपया तेवढ्यावर भागवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मग तो 11 महिन्यांचा का असेना. नोंदणी करून देण्याची जबाबदारी घरमालकाची आहे.

करार करणाऱ्याचं वय 18 पूर्ण हवं. अकरावी-बारावीच्या मुलांचा करार आई किंवा वडिलांच्या नावे होतो, पण राहणार कोण, तेही त्यात लिहून घ्या.

दोन्ही बाजूंचं आधार व पॅन, दोन साक्षीदार आणि त्यांचं आधार, घराचं लाईट बिल किंवा मालमत्ता कराची पावती एवढं जवळ ठेवा. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठराविक मुदतीसाठी राहण्याची परवानगी देणाऱ्या भाडेकराराची, नोंदणी ऑनलाइन होते: मशीनवर अंगठा, वेबकॅमवर फोटो. खरी अडचण इथेच येते. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात; बाबा सात-आठदा अंगठा टेकवतात, मशीन काही घेत नाही आणि तिकडे गावाची बस सुटायची वेळ होते. म्हणून निघण्याआधीच आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करून घ्या.

खर्चाची धास्ती नको. भाडं 8,000 आणि डिपॉझिट 20,000 असेल, तर 11 महिन्यांचं भाडं 88,000, त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांप्रमाणे धरलेलं व्याज मिळवायचं आणि एकूण रकमेच्या 0.25 टक्के मुद्रांक शुल्क. म्हणजे साधारण सव्वादोनशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. एजंटचे पैसे वेगळे, ते आधीच ठरवा.

सही करण्याआधी डिपॉझिटचं कलम दोनदा वाचा. ‘रूम सोडल्यावर परत’ एवढंच लिहिलेलं चालणार नाही. किती दिवसांत परत आणि रंगरंगोटीचे किती कापणार, हे आकड्यांत हवं. नोटीस एक महिन्याची आहे का, विजेचा दर युनिटला किती, हेही पाहा. राहायला जाल त्या दिवशी मीटर रीडिंगचा फोटो काढून मालकाला पाठवा. उन्हाळी परीक्षा लांबली तर मुदत आधीच संपते, तेव्हा एक महिना जास्तीचा धरा.

नोंदणीकृत प्रत फक्त मालकाकडेच न ठेवता स्वतःकडेही घ्या. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी मदत देणाऱ्या सरकारी स्वाधार योजनेचा अर्ज भरणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भाडेकरारपत्र जोडावं लागतं.